काटा आणि कान: हर्डी-गर्डीसाठी ट्यूनर निवडताना

मागच्या व्याख्यानात आपण 'मोजणं म्हणजे काय' हा प्रश्न थोडा अमूर्त पातळीवर पाहिला. तेव्हाच आम्ही म्हटलं होतं की पुढच्या वेळी एक अगदी हातात धरता येईल असं उदाहरण घेऊ. आजचं उदाहरण तसं आहे. हर्डी-गर्डी नावाचं एक युरोपीय वाद्य आहे, ते सुरात लावण्यासाठी इलेक्ट्रॉनिक ट्यूनर कोणता घ्यावा? प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर 'सुरात असणं म्हणजे काय' हे ठरवावं लागतं. त्यामुळे आपण दोन्ही कामं एकदमच करू.

आधी वाद्याची ओळख. हर्डी-गर्डी म्हणजे चाकाचं व्हायोलिन म्हणा ना. गजाऐवजी एक लाकडी चाक असतं, त्याच्या कडेला राळ लावलेली असते आणि उजव्या हाताने हँडल फिरवलं की ते चाक तारांवर घासत राहतं. तार चाकाला जिथे टेकते तिथे तिच्यावर कापसाचा पातळ थर गुंडाळलेला असतो, नाहीतर आवाज कर्कश येतो. डाव्या हाताने पेटीसारख्या पट्ट्या दाबायच्या. प्रत्येक पट्टीला आतून लाकडाच्या छोट्या पाकळ्या बसवलेल्या असतात, त्यांना टँजंट म्हणतात. पट्टी दाबली की टँजंट तारेला टेकतो, तिची लांबी कमी होते आणि सूर चढतो. फ्रान्समध्ये याला 'व्हिएल आ रू' म्हणतात, जर्मनीत 'ड्रेहलायर', हंगेरीत 'तेकेरो'. स्पेनमध्ये सांतियागो द कोंपोस्तेला इथल्या देवळाच्या दारावर, 12व्या शतकाच्या अखेरच्या शिल्पात, याचा पूर्वज दिसतो. तो इतका लांब आहे की दोघांनी मिळून वाजवायचा. पुढे 18व्या शतकात फ्रेंच दरबारात या वाद्याची चैन झाली, आणि त्यानंतर ते पुन्हा खेड्यातल्या नाचगाण्यात आणि रस्त्यावरच्या भिकाऱ्याच्या हाती गेलं. शूबर्टच्या 1827च्या 'विंटररायझे' या गीतमालेतलं शेवटचं गाणं अशाच एका वादकाबद्दल आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. या वाद्यात दोन प्रकारच्या तारा असतात. चालीच्या तारा, बहुधा दोन, एकाच सुरात लावलेल्या. आणि आधारस्वराच्या तारा, ज्या अखंड एकच सूर धरून ठेवतात. आपल्याकडे तंबोरा गवयाच्या मागे असतो, इथे तंबोरा वाद्याच्या पोटातच बसवलेला आहे असं समजा. मध्य फ्रान्समध्ये रूढ असलेली एक जुळणी आपण आज धरू. चालीच्या तारा जी सुराला, म्हणजे सुमारे 392 कंपनं. सर्वांत जाड आधाराची तार त्याच्या दोन सप्तकं खाली, 98 कंपनांवर. दुसरी जाड तार सी सुराला, 131 कंपनांच्या आसपास. एक मधली तार जी सुराला, 196 वर. आणि 'ट्रोंपेत' नावाची तार, जी सी किंवा डी सुराला लावतात. या ट्रोंपेतची घोडी सैल असते. चाकाला मनगटाने झटका दिला की ती घोडी लाकडावर थरथरते आणि गुरगुरल्यासारखा आवाज येतो, म्हणून तिला फ्रेंचमध्ये 'कुत्रा' म्हणतात. तंबोऱ्याच्या जवारीशी याचं नातं लांबचं का होईना, आहे. दोन्हीकडे घोडीच्या स्पर्शातून आवाज मुद्दाम रवाळ केलेला आहे.

वाजवणारा सी सुराच्या आधारावर वाजवणार असेल तर जीची जाड तार चाकावरून उचलून ठेवतो. जीच्या आधारावर वाजवायचं तर सीची तार उचलतो आणि ट्रोंपेत डीला चढवतो. म्हणजे एकाच वाद्यात दोन षड्ज आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. खरी अडचण पुढे इथूनच येणार आहे.

आता ट्यूनर. ट्यूनर करतो काय? सुराची कंपनसंख्या मोजतो आणि जवळचा टेंपर्ड सूर कोणता व त्यापासून आपण किती दूर आहोत ते दाखवतो. हे अंतर सेंटमध्ये असतं. सेंट हे एकक अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने रूढ केलं, 1885च्या त्याच्या जगभरच्या स्वरसप्तकांवरच्या निबंधातून. एका सप्तकाचे 1200 सेंट, एका अर्धस्वराचे 100. गंमत अशी की वेगवेगळ्या देशांची सप्तकं वेगवेगळी आहेत हे दाखवण्यासाठी एलिसने हे माप वापरलं, आणि आज त्याच मापाची काट्याची घड्याळं सगळ्या जगाला एकाच सप्तकात बसवतात.

बाजारात मुख्यतः चार जाती मिळतात. पहिली, मायक्रोफोन असलेला हातातला ट्यूनर. दुसरी, वाद्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिपचा, जो हवेतला आवाज न ऐकता लाकडाची थरथर पकडतो. तिसरी, फोनमधलं ॲप. चौथी, स्ट्रोब. स्ट्रोबची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉन कंपनीने 1936मध्ये 'स्ट्रोबोकॉन' आणला. त्यात फिरणाऱ्या तबकडीवर सुराच्या लयीत दिवा लुकलुकतो. सूर जुळला की तबकडीवरचं चित्र थांबल्यासारखं दिसतं, चढला की एका दिशेने सरकतं, उतरला की दुसऱ्या. आजचे स्ट्रोब बहुतेक पडद्यावर हेच चित्र काढतात. चौघांत सर्वांत सूक्ष्म तोच.

मग स्ट्रोब घ्या आणि मोकळे व्हा, असं का म्हणत नाही? कारण हर्डी-गर्डीचे काही स्वभाव आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला स्वभाव चांगला आहे. गिटारची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, काटा धावत राहतो. हर्डी-गर्डीचा सूर चाक फिरतंय तोवर टिकतो. म्हणून इथे ट्यूनर फार चपळ नसला तरी चालतं. घाईचं यंत्र घेण्यापेक्षा स्थिर काटा दाखवणारं यंत्र बरं.

दुसरा स्वभाव त्रासाचा. चाक सगळ्याच तारांना एकदम घासतं. चार सूर एकत्र गेले की ट्यूनर गोंधळतो. त्यावर उपाय यंत्रात नाही, आपल्या हातात आहे. लावायची ती एकच तार चाकावर ठेवायची, बाकी सगळ्या उचलायच्या. जवळजवळ प्रत्येक हर्डी-गर्डीत तशी सोय असतेच.

तिसरा स्वभाव जरा समजून घ्यावा लागतो. एकटी तार वाजली तरी तिच्यात एकच सूर नसतो. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर असतात. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आपल्याला ठाऊक आहे, तो याच पाचपटीतून येतो. हर्डी-गर्डीच्या जाड तारेत हे उपस्वर मूळ सुराला झाकून टाकण्याइतके जोरदार असतात. आता सी सुराचा तिसरा उपस्वर कोणता? जी. आपण सीची जाड तार लावतोय आणि यंत्र सांगतंय 'जी'. नवशिक्या म्हणतो, तार पार बिघडलीय, आणि खुंटी पिळायला लागतो. तार तुटते ती अशी. जीच्या जाड तारेवर हेच होऊन यंत्र 'डी' दाखवतं. म्हणून निवडीचा पहिला नियम: ट्यूनरने सुराच्या नावाबरोबर सप्तकाचा आकडाही दाखवायला हवा, जी दोन की जी चार, ते कळलं पाहिजे. आणि 98 कंपनांपर्यंत त्याला नीट ऐकू आलं पाहिजे. दुकानात तपासायचं तर सर्वांत जाड तारच लावून बघा. बारीक तार कुठलंही यंत्र ओळखतं.

खालच्या सुरांना वेळही जास्त लागतो. 98 कंपनांच्या सुरात एका कंपनाचा फरक म्हणजे जवळजवळ 18 सेंट. तोच फरक 392 वर साडेचार सेंटही भरत नाही. तेव्हा जाड तार लावताना चाक सावकाश, एकसारखं फिरवत राहा आणि काट्याला स्थिरावू द्या.

चौथा स्वभाव: कुत्रा. ट्रोंपेत लावताना कुत्रा गुरगुरत असेल तर यंत्राला त्या खरखरीतून सूर शोधता येत नाही. चाक मंद फिरवून किंवा त्या घोडीचा ताण कमी करून आधी त्याला गप्प करायचं, सूर लावायचा, मग पुन्हा गुरगुरायला लावायचं. आणि ताण बदलल्यामुळे सूर हलला का, ते परत एकदा बघायचं.

पाचवा स्वभाव: सूर हाताच्या जोरावर हलतो. चाक जोरात फिरवलं, कापूस जाड झाला, राळ जास्त झाली, दमट हवेत तातीची तार फुगली, प्रत्येक वेळी सूर काही सेंट इकडेतिकडे जातो. म्हणून सेंटच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या यंत्राची इथे फारशी मिजास करू नये. वाद्यच तेवढं स्थिर नाही. लाकडी खुंटी केसभर फिरली तरी सूर त्याहून कितीतरी जास्त सरकतो. ज्या वेगाने वाजवायचं त्याच वेगाने चाक फिरवत लावणं, याचा उपयोग महागड्या यंत्रापेक्षा जास्त.

मग कोणती जात? घरी एकट्याने लावायचं तर मायक्रोफोनचा ट्यूनर किंवा फोनचं चांगलं ॲप पुरतं. दहा जणांच्या बैठकीत, शेजारी मशकवाद्य वाजत असताना, मायक्रोफोन निरुपयोगी, तिथे क्लिपच हवी. क्लिप घेताना तिचा जबडा किती उघडतो ते पाहा. हर्डी-गर्डीच्या खुंट्यांची पेटी गिटारच्या मानेपेक्षा जाड असते आणि टोकाला बहुधा कोरलेलं मुंडकं असतं. क्लिप बसत नाही ही तक्रार यातून येते. एखाद्या खुंटीच्या पात्यावर ती सहसा बसते. जुन्या वार्निशावर डाग पडणार नाहीत याची काळजी घ्या. ज्यांच्या वाद्यात पिकअप बसवलेला आहे त्यांनी तार जोडता येणारा ट्यूनर घ्यावा. रंगमंचावर याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

फक्त गिटारसाठी बनवलेले ट्यूनर मात्र घेऊ नका. ते गिटारच्या सहा तारांचेच सूर शोधतात, आणि त्यांत सी नाही. 'क्रोमॅटिक' हा शब्द खोक्यावर असला पाहिजे. शिवाय मूळ सूर बदलता आला पाहिजे. ए म्हणजे 440 हे आजचं सर्वसाधारण माप, पण 1859 साली फ्रान्सने कायद्याने 435 ठरवलं होतं, आणि जुन्या दरबारी संगीताची मंडळी 415 वर वाजवतात. 415 ते 445 एवढी तरी मुभा यंत्रात असावी.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता ती अडचण.

यंत्र टेंपर्ड सप्तक जाणतं, म्हणजे बारा सारखे अर्धस्वर. पण अखंड आधारस्वरावर वाजणाऱ्या वाद्याचं त्यावर भागत नाही. टेंपर्ड गंधार 400 सेंटवर आहे, आधारस्वराशी एकजीव होणारा गंधार 386 वर. चौदा सेंटचा फरक. पियानोत तो खपतो, कारण सूर विरतात. इथे सीचा आधार अखंड चालू असतो. आधाराची तार 262 कंपनांवर असेल तर तिचा पाचवा उपस्वर 1308 वर येतो. चालीच्या तारेवरचा टेंपर्ड गंधार, म्हणजे ई, 659 वर, त्याचा दुसरा उपस्वर 1318च्या थोडा वर. दोन्हींत सेकंदाला दहाएक हेलकावे. पदार्थविज्ञानात याला विस्पंद म्हणतात, कानाला ते खडबडीत लागतं. काटा मात्र मध्यावर, हिरवा दिवा लागलेला. यंत्र म्हणतं 'बरोबर', कान म्हणतो 'नाही'. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

आमच्या मते दोघंही नाही. दोघांना प्रश्नच वेगळे विचारलेले आहेत. यंत्राचं उत्तर आहे 'ठरलेल्या मापापासून किती दूर' या प्रश्नाचं. कानाचं उत्तर आहे 'शेजारच्या सुराशी कसं जमतंय' या प्रश्नाचं. आधारस्वराबद्दल तर गंमतच आहे. एकटाच वाजत असलेला आधारस्वर सुरात आहे की बेसूर, हे विचारताच येत नाही. तो ज्याला माप धरायचं ते माप आहे. विटगेनस्टाइनने पॅरिसच्या प्रमाण-मीटरबद्दल असाच मुद्दा मांडला होता, की त्या पट्टीची लांबी एक मीटर आहे की नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे देवगिरीच्या यादव राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात श्रुती समजावताना दोन वीणा सांगितल्या. एक ध्रुव, तिला हात लावायचा नाही, दुसरी चल, ती सरकवायची. ध्रुव वीणा म्हणजे ट्यूनरच की! फरक एवढाच की तिचं उत्तर कानाने वाचायचं.

तेव्हा निवडीचा दुसरा नियम असा: ट्यूनरने सेंटचा आकडा स्पष्ट दाखवावा. तीन दिव्यांचं यंत्र 'वर, खाली, ठीक' एवढंच सांगतं, आपल्याला 'चौदाने खाली' हे वाचता यायला हवं. चांगल्या स्ट्रोबमध्ये प्रत्येक सुरासाठी हे अंतर आधीच भरून ठेवता येतं, ही त्याची खरी किंमत.

हर्डी-गर्डीत टँजंट जरासे फिरवता येतात, म्हणून प्रत्येक पट्टीचा सूर आपण ठरवू शकतो. सीला शून्य धरून आकडे काढू. सीच्या आधारावर: जी अधिक 2, ए उणे 16, बी उणे 12, डी अधिक 4, ई उणे 14, एफ उणे 2. आता जीच्या आधारावर तेच सूर काढू. बी, डी, ई, यांचे आकडे जसेच्या तसे येतात. पण ए? सीच्या आधारावर तो धैवत आहे, त्याला उणे 16 हवं. जीच्या आधारावर तो रिषभ आहे, शिवाय डीला लावलेल्या ट्रोंपेतचा पंचम आहे. त्याला अधिक 6 हवं. फरक 22 सेंट. एकच पट्टी, एकच टँजंट, आणि दोन खरे सूर.

या 22 सेंटना आपण ओळखतो. भरताने ज्याला प्रमाणश्रुती म्हटलं, ती अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते हीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या मदतीने श्रुती मोजल्या आणि 1910 साली बावीस श्रुतींवरचं पुस्तक काढलं, त्यांची सगळी खटपट अशाच अंतरांसाठी होती. पेटीवर आपल्याकडे जो वाद झाला, तोही मुळात याचाच: एक पट्टी दोन रागांना कशी पुरणार?

कुठलाही ट्यूनर ही गाठ सोडवू शकत नाही. निर्णय वाजवणाऱ्यालाच घ्यावा लागतो. तीन वाटा आहेत. एक, ए शून्याच्या थोडा खाली ठेवायचा आणि दोन्हीकडे थोडा खडबडीतपणा सोसायचा. दोन, जास्त वेळा ज्या आधारावर वाजवता त्याची बाजू घ्यायची आणि दुसऱ्या आधारावर ए वर फार थांबायचं नाही. तीन, चालीच्या दोन तारांना वेगवेगळे टँजंट असतात, तेव्हा एका तारेचा ए सीसाठी आणि दुसरीचा जीसाठी लावायचा, आणि त्या त्या वेळी एकच तार चाकावर ठेवायची. यात आवाजाचं भरलेपण जातं. कोणती वाट घेणार हे तुमच्या संगीतावर आहे. ते ठरवल्यावर मग यंत्र फार उपयोगाचं, कारण ठरवलेली गोष्ट ते पुन्हा पुन्हा अचूक सापडवून देतं.

म्हणून लावायचा क्रम असा सांगू. यंत्राने फक्त एक तार लावा, सीच्या आधाराची. इतरांबरोबर वाजवायचं तर हे लागतंच, कारण 440 हा समाजाशी केलेला करार आहे, तो एकट्याच्या कानाला सापडत नाही. मग दुसऱ्या तारा तिच्याशी कानाने जुळवा. जी सीच्या पंचमात, हेलकावे थांबेपर्यंत. चालीच्या दोन तारा एकमेकींशी. इथे कान यंत्रापेक्षा पुढे आहे. 392 वर पाच सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला एकाहून किंचित जास्त हेलकावा, तो नवशिक्यालाही ऐकू येतो. मग टँजंट यंत्र बघून लावा, आणि शेवटी आधार चालू ठेवून प्रत्येक पट्टी कानाने तपासा. यंत्र सुरुवातीला आणि मधे, शेवटचा शब्द कानाचा.

एक प्रश्न आला आहे, तो घेऊनच थांबतो. 'कान तयार नसलेल्याने काय करावं? त्याला तर यंत्रच हवं ना?' हो, हवं. पण एका अटीवर. काटा बघण्याआधी दर वेळी मनात म्हणायचं, चढलाय की उतरलाय. मग बघायचं. रोज पाच मिनिटं असं केलं तर यंत्र शिक्षक होतं. आधी काटा बघितला तर कानाला काही कामच उरत नाही, आणि वाद्य वर्षानुवर्षं सुरात असूनही वाजवणाऱ्याला ते कळत नाही. ट्यूनर विकत घेताना पैसे थोडेच जातात, जपायचं आहे ते हे ऐकणं. पुढच्या वेळी आपण याच धाग्यावर घड्याळ आणि लय यांच्याकडे वळू.